परभाषेंतील जिव्हाळा

पुण्यांतील एका मध्यमवर्गीय घराचें चित्र कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. घरांतील मुलगा शिक्षणासाठीं विलायतेस गेला, लीड्स शहरांत नोकरीस लागला, आणि तेथल्याच एका इंग्रज मुलीशीं त्यानें लग्न केलें. सून उन्हाळ्यांत तीन आठवडे सासरीं राहून गेली. परत गेल्यावर तिनें सासूबाईंना आपल्या हातानें एक पत्र लिहिलें. सासूबाईंनीं शाळेंत असतांना तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजीचे धडे गिरविलेले. इंग्रजी वर्तमानपत्र त्या रोज वाचतात, आणि व्याकरणांत तर त्या मुलालाहि हार जावयाच्या नाहींत. तेव्हां हें पत्र कोणाकडून वाचून घेण्याचें त्यांना कारणच नव्हतें. दुपारची झांकपाक झाल्यावर चष्मा लावून, कोश शेजारीं ठेवून, त्या एकट्याच वाचावयास बसल्या.

पत्र लहानच होतें. पुण्यास निघतांना आपले 'कोल्ड फीट' झाले होते, असें सुनेनें प्रथम लिहिलें होतें. पण सासूबाईंनीं पहिल्याच संध्याकाळीं 'आइस ब्रेक' केला. घरांतील वृद्ध आत्याबाईंसाठीं तर आतां तिच्या ठायीं एक 'सॉफ्ट स्पॉट' आहे. आणि शेवटीं, 'आय अ‍ॅम अफ्रेड', यंदा दिवाळीस येणें जमणार नाहीं.

सासूबाईंनीं प्रत्येक शब्दाचा अर्थ लावला, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबरच लावला. पोरीचे पाय गार पडतात, हें त्यांना कळलें. त्याच आठवड्यांत त्यांनीं लोंकरीच्या पायमोज्यांचे दोन जोड विणून पाठविले. आपण बर्फ कधीं फोडला हें त्यांना आठवेना. दिवस उन्हाळ्याचे होते, सरबतासाठीं फोडला असेल, अशी त्यांनीं मनाची समजूत घातली. शेवटचें वाक्य वाचून मात्र त्या गप्प झाल्या. सुनेला भीति वाटते. कोणाची? ह्या घरांत तिला कोण काय बोललें होतें?

उत्तर लिहितांना त्यांनीं आधीं मनांत मराठी वाक्य जुळविलें : 'दिवाळीला येत नाहीं म्हणालीस, माझें मन मोडलेंस हो!' मराठी घरांत हें वाक्य उठतां बसतां उच्चारलें जातें. पाहुण्यानें आग्रहाचा लाडू नाकारला तरी वाढणारीचें मन मोडतें. त्यांनीं त्याचें सरळ, शुद्ध इंग्रजी केलें : 'यू हॅव ब्रोकन माय हार्ट.' पत्र पोंचलें त्या रात्रीं दीड वाजतां मुलाचा फोन आला. सून संध्याकाळपासून रडत होती.

ह्यांत दोष कोशाचा नव्हता. 'ब्रेक' म्हणजे मोडणें आणि 'हार्ट' म्हणजे हृदय अथवा मन, हे कोशानें दिलेले अर्थ खरेच आहेत. कोशाला सांगतां येत नाहीं तें शब्दाचें वजन. मराठींत मन मोडणें म्हणजे एखाद्याची हौस, एखाद्याची इच्छा न पुरविणें. असें मोडलेलें मन संध्याकाळपर्यंत सांधतेंहि. म्हणूनच 'तुमचें मन मोडवेना म्हणून आलों' असें पाहुणा सहज म्हणून जातो. इंग्रजींत 'हार्ट' मोडलें म्हणजे तें सांधण्याच्या पलीकडे गेलें. पोटचें मूल दगावलें, जन्माचा जोडीदार टाकून गेला, अशा प्रसंगींच तो शब्द खरा ठरतो. चहांत साखर नाहीं म्हणून आपलें हृदय भग्न झाल्याचें एखादा इंग्रज थट्टेनें सांगेल, नाहीं असें नाहीं. पण थट्टेचा तो सूर कागदावर उमटत नाहीं, आणि सासूच्या पत्रांत तर तो सुनेला शोधूनहि सांपडणार नाहीं. त्या तोलाचा शब्द मराठींत हवा असेल तर काळीज फाटणें किंवा ऊर फुटणें ह्यांच्याकडे जावें लागेल. सासूबाईंना तोळाभर रुसवा कळवावयाचा होता. तराजूंत पडला तो शेरभर शोक.

'आय अ‍ॅम अफ्रेड' ह्या शब्दांत नेमकी ह्याच्या उलट गोष्ट झाली. येथें शब्द शेराचा दिसतो आणि आशय गुंजेचा असतो. ह्या प्रयोगांत भीति नांवालाच उरली आहे. नकार द्यावयाचा, वाईट बातमी सांगावयाची किंवा समोरच्याचें म्हणणें खोडून काढावयाचें, म्हणजे त्याच्या खालीं इंग्रज माणूस ही लहानशी उशी सरकवितो. 'काय करावें हो, जमायचें नाहीं', 'राग मानूं नका, पण' अशीं जीं मराठी तोंडें आहेत त्यांचेंच काम तो शब्द करतो. दुकानदार गिऱ्हाइकाला, डॉक्टर रोग्याला, कारकून अर्जदाराला हेंच म्हणतो, आणि ह्यांपैकीं कोणालाहि कसलेंच भय वाटत नसतें. 'सॉरी' ची कथा थोडी निराळी आहे. पायाला पाय लागला तरी 'सॉरी', आणि कोणाचा बाप वारल्याचें कळलें तरी 'सॉरी', हें मराठी कानाला विचित्र वाटतें. ज्याचा कांहीं अपराध नाहीं त्यानें क्षमा कां मागावी, असा प्रश्न पडतो. परंतु तो शब्द मुळांत क्षमेचा नव्हेच. शोकवाचक 'सॉरो' शीं त्याचें नातें असावें असें वाटतें, तेंहि खरें नाहीं. जखम, दुखरी जागा अशा अर्थाच्या 'सोअर' ह्या शब्दाचा तो सगोत्र आहे. मूळचा अर्थ इतकाच कीं, येथें दुखतें आहे. मृत्यूच्या बातमीवर तो उच्चारणारा इंग्रज शब्दाच्या जुन्या अर्थाला जागत असतो.

लोगन पीअरसॉल स्मिथ ह्यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'वर्ड्स अँड इडियम्स' ह्या पुस्तकांत इंग्रजी वाक्प्रचारांपैकीं मोठा वांटा माणसाच्या शरीरानें पुरविला असल्याचें दाखविलें आहे. मराठीविषयींहि हेंच म्हणतां येईल. दाते आणि कर्वे ह्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४२ आणि १९४७ सालीं दोन भागांत निघाला. त्यांतील डोळा, तोंड, पोट, हात ह्या शब्दांखालचीं पानें उलटीत बसावें म्हणजे वेळ कसा गेला हें कळत नाहीं. अडचण इतकीच आहे कीं, दोन्ही भाषांनीं एकच शरीर वांटून घेतलें, पण खोल्यांची वाटणी सारखी केली नाहीं.

इंग्रजांनीं बहुतेक सगळा संसार एकट्या 'हार्ट' च्या खोलींत मांडला. धीर तेथेंच, प्रीति तेथेंच, स्मरणशक्तीहि तेथेंच. त्यामुळें एखादें चिमुकलें अव्यय किंवा सर्वनाम इकडचें तिकडे झालें तर अर्थ बदलून जातो. 'लूज हार्ट' म्हणजे धीर सुटणें; मध्यें 'युअर' घालून 'लूज युअर हार्ट' म्हटलें कीं कोणावर तरी जीव जडला. 'टेक हार्ट' म्हणजे धीर धरणें. मध्यें 'टु' शिरला कीं मनाला लावून घेणें. परीक्षेंत नापास झालेल्या मित्राला धीर धर म्हणावयाचें असतां, चांगलें मनाला लावून घे असा उपदेश ह्या एका अक्षरानें होऊन बसतो! पाठ केलेली कविता इंग्रजाच्या हृदयांत राहते. मराठी विद्यार्थ्याच्या ती कंठांत किंवा तोंडांत राहते, म्हणून ती कंठस्थ, मुखोद्गत, तोंडपाठ. आणि मनांतल्या मनांत झुरणारा इंग्रज स्वतःचेंच 'हार्ट' खातो, तर मराठींत जीव खाणारा नेहमीं दुसरा असतो, आणि तो बहुधा सकाळींच दारांत येऊन उभा राहतो.

हृदयाचें हें साम्राज्य इंग्रजींत मात्र नेहमींच इतकें निर्वेध नव्हतें. १६११ सालीं सिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत करुणा आंतड्यांत वसते. मूळ ग्रीक शब्द आंतड्यांचा, आणि भाषांतरकारांनीं तो तसाच ठेवला. १८८१ सालीं नव्या कराराची सुधारलेली आवृत्ति निघाली तेव्हां योहानाच्या पहिल्या पत्रांतील तीं आंतडीं संपादकांनीं काढून टाकलीं आणि तेथें नुसती करुणा ठेवली. सभ्य वाचकाला ऐकवत नसावें. मराठी मात्र आपल्या आंतड्याला धरून राहिली. लेकरासाठीं आईचें आंतडें तुटतें, पोटांत माया असते, मूल हा पोटचा गोळा असतो, आणि धाकट्याचा अपराध वडील माणसानें पोटांत घालावयाचा असतो. ह्या शेवटच्या प्रयोगाला इंग्रजींत जोड शोधणारा फसतो. तेथें अपमान 'स्वॅलो' करतात, म्हणजे गिळतात, पण तो नाइलाजानें, मान खालीं घालून. पोटांत घालणारा मराठी वडील मान खालीं घालीत नाहीं. पोटांत जागा पुष्कळ आहे म्हणूनच तो तें करूं शकतो.

काळीज ह्या शब्दाचीहि अशीच गंमत आहे. उत्तरेकडील कलेजा, कलेजी ह्यांच्या कुळांतला हा शब्द. कलेजी म्हणजे यकृत, आणि मराठी माणूस काळीज धडधडलें म्हणतांना हात छातीवर ठेवतो. यकृतांत धैर्य असतें हा समज जुन्या इंग्लंडांतहि होता. भित्र्याचें यकृत रक्तावांचून पांढरें पडतें अशी कल्पना, म्हणून त्याला 'लिली-लिव्हर्ड' म्हणत. शेक्सपिअरनें 'मॅक्बेथ' मध्यें हा शब्द योजिला आहे. आजचा इंग्रज तो हंसण्यावारी नेण्यासाठींच वापरील. काळीज मात्र मराठींत अजून धडधडतें आहे.

परंतु खोल्यांची वाटणी कितीहि निराळी असली तरी एखाद्या ठिकाणीं भिंतींत अकस्मात् एक दार सांपडतें. अत्यंत लाडक्या माणसाला इंग्रजींत 'अ‍ॅपल ऑफ द आय' म्हणतात. मराठी वाचक डोळ्यांतल्या ह्या सफरचंदापाशीं थबकतो. पण येथें 'अ‍ॅपल' म्हणजे डोळ्याच्या मधला काळा वाटोळा भाग. हा प्रयोग इंग्रजींत बायबलच्या भाषांतरांमुळें रुळला, आणि मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आहे डोळ्यांतला छोटा माणूस. लॅटिनमध्यें त्याच भागाला 'प्युपिला', म्हणजे लहानगी मुलगी अथवा बाहुली म्हणत. ग्रीकमध्यें त्यासाठीं मुलीचाच शब्द आहे. संस्कृतांत कनीनिका, म्हणजे पुन्हां लहान मुलगीच, आणि मराठींत तर डोळ्यांतली बाहुली. इतक्या दूरदूरच्या लोकांनीं एकच गोष्ट पाहिली होती : प्रिय माणसाच्या फार जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत पाहिलें म्हणजे तेथें स्वतःचीच बोटभर प्रतिमा उभी असते. हा वाक्प्रचार मराठी मुलानें घोकून कशाला पाठ करावयाचा? आईच्या डोळ्यांत पाहिलें कीं झालें.

सुनेच्या पत्रांतला बर्फ आणि गार पाय हीं मात्र हवामानाचीं लेंकरें आहेत. ज्या देशांत वर्षांतील बरेच महिने शेकोटीजवळ बसण्यांत सुख असतें, तेथें माया ऊन आणि बेपर्वाई थंड असणार हें उघडच आहे. स्वागत 'वॉर्म', तिरस्कार 'कोल्ड', आणि अनोळखी माणसांतील अवघडलेपण म्हणजे गोठलेलें पाणी. तें प्रथम फोडून गलबताला वाट करून देणारा तो 'आइस ब्रेक' करणारा. मुंबईस अमेरिकेहून गलबतांतून बर्फ येऊं लागला तो १८३० नंतर. त्या काळीं तो इतका अपूर्वाईचा कीं, फोडून टाकण्याची नव्हे तर लोंकरींत गुंडाळून जपण्याची वस्तु! जेथें वैशाखांत वाटसरू झाडाखालीं टेकतो तेथें सुख गार असतें. पुष्कळ दिवसांनीं मुलगा दृष्टीस पडला कीं आईचे डोळे निवतात, जीव थंडावतो. उलट त्रासाला मराठींत नांवच ताप आहे. गोधडीमुळें मायेला ऊबहि मिळाली आहे, हें खरें. पण भर उन्हाळ्यांतल्या समारंभाच्या वृत्तांतांत पाहुण्यांचें 'उबदार स्वागत' झाल्याचें वाचलें कीं त्या पाहुण्यांची दया येते. असा वृत्तांत लिहिणाऱ्यानें इंग्रजी वाक्प्रचार शिकून घेतला, पण घराची खिडकी उघडून पाहिली नाहीं. उत्साहावर इंग्रज गार पाणी ओततो, तेथें मराठी गृहिणीच्या भाषेंत विरजण पडतें, आणि हा बदल कोणीहि केलेला नाहीं; दोन स्वैपाकघरांनीं तो आपापल्यापरी केला.

'कोल्ड फीट' हा प्रयोग तुलनेनें नवा, अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसूं लागलेला. ठरविलेल्या गोष्टीच्या तोंडाशीं आल्यावर अवसान गळणें, हा त्याचा अर्थ. पाय थंड पडण्याशीं त्याचा मुळांत संबंध काय, ह्याविषयीं तर्क पुष्कळ आहेत, आणि तर्कांवर वेळ घालवूं नये हें उत्तम. वाक्प्रचारांच्या जन्मकथा बहुधा वाक्प्रचारानंतर जन्मतात. 'कोल्ड शोल्डर' देणें, म्हणजे ओळख असून तुटकपणें वागणें, ह्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, नकोशा पाहुण्याला यजमान शिळ्या मटणाचा गार खांदा वाढीत असे. कथा चवदार आहे. पण हा प्रयोग प्रथम वाचकांपुढें आला तो सर वॉल्टर स्कॉट ह्यांच्या १८१६ सालच्या 'दि अँटिक्वेरी' ह्या कादंबरींत, आणि तेथें पानांत मटण नाहीं. माणसाकडे फिरविलेला खांदा आहे. मराठींत पाठ फिरवितात, इंग्रजींत खांद्यावर भागतें.

प्रेमाच्या शब्दांत तर उसनवारी इतकी झाली आहे कीं, कोणतें लुगडें कोणाच्या घरचें हें ओळखतां येऊं नये. प्रेमांत पडणें हा प्रयोग इंग्रजी 'फॉल' च्या वळणावर बेतलेला. त्याआधीं मराठी माणसाचा जीव जडत असे. पडणें आणि जडणें ह्यांत फार अंतर आहे. पडणारा तोल जाऊन पडतो, आणि उठूनहि उभा राहूं शकतो. जडणारा कोंदणांत हिरा बसावा तसा बसतो. मधुचंद्र हा असाच 'हनीमून' चा शब्दशः अनुवाद, आणि तो करणाऱ्यानें मध तेवढा उचलला, चंद्राकडे पाहिलें नाहीं. जॉन हेवुड ह्याच्या १५४६ सालच्या म्हणींच्या पुस्तकांत हा शब्द आढळतो, आणि १५५२ च्या एका इंग्रजी-लॅटिन कोशांत त्याचा जो खुलासा आहे त्यांत एक टोमणा आहे : नव्या जोडप्याची गोडी आज पूर्ण चंद्रासारखी दिसते खरी, पण पौर्णिमेनंतर चंद्राचें काय होतें तें सर्वांस ठाऊकच आहे. मराठींत हा टोमणा आला नाहीं, आणि त्यावांचून कांहीं अडलेंहि नाहीं.

काळाबरोबर वजन बदलतें तें निराळेंच. जेन ऑस्टिनच्या १८१५ सालच्या 'एमा' ह्या कादंबरींत एक पाद्री घोडागाडींत नायिकेशीं 'मेक लव्ह' करूं लागतो, असें वाचून आजच्या घरांतील मुलगी पुस्तक मिटून इकडे तिकडे पाहील. त्या काळीं त्या शब्दांचा अर्थ गोड बोलून अनुनय करणें, मागणी घालणें इतकाच होता. विसाव्या शतकांत तो शयनगृहाच्या आंत गेला. पन्नास वर्षांपूर्वींच्या अर्थपुस्तकावर विसंबणाऱ्यानें हें एक उदाहरण ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' ह्या एकाच नाटकानें भावनांच्या दोन प्रसिद्ध प्रतिमा इंग्रजीला दिल्या आहेत : हृदय बाहीवर मिरविणें, आणि मत्सर हा हिरव्या डोळ्यांचा राक्षस. दोन्ही इयागोच्या तोंडच्या, म्हणजे नाटकांतील सर्वांत कपटी माणसाच्या. मोकळ्या मनाच्या माणसाला आज त्यांतला पहिला प्रयोग कौतुकानें लावतात, तेव्हां तो कोणाच्या मुखांतून निघाला हें कोणाच्या गांवींहि नसतें. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं ह्या नाटकाचें मराठी भाषांतर १८६७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें देवलांनीं १८९० सालीं त्याच कथेचा 'झुंझारराव' केला, माणसांना मराठी नांवें दिलीं, मराठी रीतिरिवाज दिले, आणि संशयानें स्वतःच्या हातानें बायकोचा जीव घेणारा तो सरदार मराठी प्रेक्षकाला परका वाटूं नये अशी योजना केली. मत्सराचे डोळे हिरवे असतात हें ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाहि मत्सर कळत होता.

आतां ह्या सर्व विषयांतील नाजूक भाग, ज्यावर इंग्रजीच्या वर्गांत सर्वांत कमी वेळ खर्च होतो. कोणता शब्द कोणी कोणास म्हणावयाचा? संकटांत डगमगूं न देण्याला 'स्टिफ अपर लिप' म्हणतात. हा इंग्रजी बाण्याचा बिल्लाच समजला जातो, जरी त्याचे जुने छापील दाखले अमेरिकेतले, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींचे आहेत. गेलेल्या आजोबांविषयीं कौतुकानें म्हणावें, त्यांनीं शेवटपर्यंत ओठ ताठ ठेवला. पण जिचा मुलगा परवां गेला त्या शेजारणीला परक्यानें जाऊन ओठ ताठ ठेव म्हणावें, हें निष्ठुरपणाचें होईल. 'पुल युवरसेल्फ टुगेदर', स्वतःला सांवर, हें वाक्य सख्खी बहीण म्हणूं शकते. भाडेकरूनें घरमालकिणीला म्हणावयाचें नव्हे. मराठींत 'सांवरा आतां, मुलांकडे पाहा' असें चाळींतली कोणतीहि वडीलधारी बाई पाठीवर हात ठेवून म्हणते, आणि तें कोणाला लागत नाहीं. कारण तेथें शब्दांबरोबर हात असतो. इंग्रजी वाक्य एकटेंच जातें. समाचाराचें पत्र लिहितांना वाक्प्रचारांचें पुस्तक उघडूंच नये, हें मत कोणास टोंकाचें वाटेल. पण 'मरणें' ह्याखालीं 'किक द बकेट' असा अर्थ वाचून तो प्रयोग आदरपूर्वक शोकपत्रांत घालणारा विद्यार्थी पाहिला म्हणजे तें टोंकाचें वाटणार नाहीं.

नात्यागोत्याचे शब्द तर गुण आणि दोषहि उलटे करून टाकतात. मोठा झालेला मुलगा आईच्या 'एप्रन' च्या नाडीला बांधलेला आहे, असें इंग्रज म्हणतो तेव्हां तें दूषण असतें. मराठी मुलगी त्याचें भाषांतर आईचा पदर असें करील, आणि तेथेंच घोंटाळा होईल. पदराखालीं घेतात तें रक्षणासाठीं. पदराआड लपणारें मूल लाजरें असेल, नालायक नसतें. पदरीं पडलें तें पवित्र होतें, पदरचें खर्च केलें तर तें औदार्य ठरतें. एप्रनच्या दोरींत फक्त बांधणें आहे, आणि तें सुटलें पाहिजे अशी त्या समाजाची अपेक्षा आहे. लग्न झालेल्या मुलानें रोज आईला फोन करावा, हें लीड्समध्यें कोणत्या वाक्प्रचारांत बसेल आणि पुण्यांत कोणत्या, ह्याचा विचार त्या सुनेनें आणि त्या सासूनें, दोघींनींहि, पुढेंमागें करावा लागणारच आहे.

म्हणून असे प्रयोग वहींत उतरतांना अर्थाच्या आधीं माणसें लिहावींत. हें वाक्य कोण म्हणालें, कोणाला म्हणालें, त्या दोघांचें नातें काय, तें तोंडीं होतें कीं लेखी, आणि ऐकणारा त्यावर हंसला कीं गप्प झाला. एवढें लिहिल्यावर अर्थ न लिहिला तरी चालतो. मोल्सवर्थ साहेबांनीं आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ आणि १८५७ च्या आवृत्त्यांसाठीं मराठी बोलींतील जें धन गोळा केलें, तें पंडितांची मदत घेऊन आणि लोकांच्या जिभेकडे कान देऊन. परकी भाषा शिकणाऱ्या मराठी माणसाला तोच मार्ग मोकळा आहे. आणि जोंवर कानाची खात्री झालेली नाहीं तोंवर साधें वाक्य बरें. साध्या वाक्याला परकेपणा शोभून दिसतो. चुकीच्या वजनाचा वाक्प्रचार शोभत नाहीं.

त्या रात्रीं फोनवर मुलानें आईला प्रथम 'हार्ट' चें वजन समजावून सांगितलें, मग 'अफ्रेड' चें, आणि सरतेशेवटीं भीत भीत पायमोज्यांचें. मोज्यांची हकीकत ऐकून सासूबाई इतक्या हंसल्या कीं आत्याबाई जाग्या होऊन बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सुनेला दुसरें पत्र घातलें. त्यांत एकहि वाक्प्रचार नव्हता. तूं येणार नाहींस म्हणून मला वाईट वाटलें, मी रागावलेली नाहीं, सवड होईल तेव्हां या, एवढींच तीन इंग्रजी वाक्यें. चौथ्या वाक्यापाशीं त्या अडल्या. 'मिस' हा शब्द लिहून त्यांनीं खोडला, 'लोनली' लिहून खोडला, आणि मग त्या जागीं स्वच्छ देवनागरींत लिहिलें : करमत नाहीं.

लीड्सला सुनेनें तीं दोन शब्दांचीं अक्षरें नवऱ्यापुढें धरून अर्थ विचारला. त्यानें सांगावयास सुरुवात केली, थांबला, पुन्हां सुरुवात केली, आणि अखेर पुण्याच्या घरांतील दुपारचे चार कसे असतात, त्या वेळीं कोण कोठें बसलेलें असतें, तें सांगत बसला. सुनेच्या पायांत तेव्हां लोंकरीचे मोजे होते.